तळ्याकाठच्या छोट्या गावात उन्हाळ्यात सगळ्यांसाठी ‘पाण्याचा दिवस’ भरवायचा आहे. तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की दोन-अडीचशे माणसं येतील, हाताशी सहा आठवडे आहेत आणि बेतात चार गोष्टी आहेत: काठाजवळ पोहणं, एक लांब पल्ल्याची पोहण्याची शर्यत, मुलांसाठी तरंगता तराफा आणि संध्याकाळी गाणी. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक यांची व्यवस्था गावातली माणसं करतातच, म्हणून त्यावर लिहीत नाही. माझ्या मते हा दिवस एकाच प्रश्नावर उभा असतो: या क्षणी पाण्यात नेमकी किती माणसं आहेत? याचं उत्तर दिवसभर, कोणत्याही मिनिटाला, कुणा एकाकडे तयार असलं पाहिजे. बाकीची तयारी त्याभोवती बांधा.

त्यासाठी बिल्ल्यांचा फळा सगळ्यात भरवशाचा. प्लायवूडच्या एका तुकड्यावर खिळ्यांच्या ओळी ठोका आणि वर दोन भाग रंगवा: ‘काठावर’ आणि ‘पाण्यात’. प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला आणि त्याच क्रमांकाची मनगटपट्टी द्या. पाण्यात उतरताना बिल्ला ‘पाण्यात’ लावायचा, बाहेर आल्यावर परत ‘काठावर’. एकट्यानं उतरायचं नाही. जोडी ठरवायची, दोघांनी एकत्र उतरायचं आणि एकत्रच बाहेर यायचं. दर दहा मिनिटांनी लांब शिट्टी वाजली की जोड्यांनी एकमेकांचे हात धरून वर करायचे. काठावरचे दोघे वेगवेगळे मोजतात आणि आकडा फळ्याशी ताडून बघतात. सरावानं हे पाऊण मिनिटात उरकतं.

ही पद्धत बहुतेक वेळा एकाच जागी फसते. कुणीतरी बिल्ला न हलवता जेवायला निघून जातं. तसं दोनदा झालं की मोजणारी माणसं ‘गेला असेल कुठेतरी’ म्हणू लागतात आणि फळ्याला अर्थ उरत नाही. म्हणून पाण्यात जायची-यायची वाट एकच ठेवा, दोन्ही बाजूंना दोरी बांधा, फळा त्या वाटेवरच उभा करा आणि तिथे असा माणूस बसवा ज्याला दुसरं कुठलंही काम नाही. आकडा जुळला नाही तर माणूस पाण्याखाली आहे असं धरूनच चालायचं. सगळे ताबडतोब बाहेर, मोठ्यांनी हातात हात गुंफून छातीइतक्या पाण्यापर्यंत रांगेनं तळ पायांनी चाचपत जायचं, खोल भागात जीवरक्षक आणि होडी. मंडप आणि स्वच्छतागृहं बघायला त्याच वेळी दुसरी माणसं पळवा. आधी मंडपात शोधू, मग पाण्यात, असा क्रम कधीही लावू नका.

पोहण्याची जागा आखण्याआधी तळ तपासा. बूट घातलेल्या मोठ्या माणसांनी खांद्याला खांदा लावून काठाला समांतर पट्टे चालायचे. काच, तार, बुडालेली फांदी, अचानक खोल जाणारा खड्डा असं पायाला लागतं ते डोळ्याला दिसत नाही. त्याच दिवशी सकाळी हे पुन्हा करा. हद्दीसाठी पॉलिप्रॉपिलीनची दोरी घ्या, कारण ती पाण्यावर तरंगते. साधारण दर मीटरला एक तरंडा ओवा. न पोहणाऱ्यांची हद्द मोठ्यांच्या नव्हे, लहान मुलाच्या कमरेच्या मापानं ठरवा.

पाणी किती गढूळ आहे हे अंदाजानं सांगू नका, मोजा. त्यासाठी सेकी तबकडी घरीच होते: वीस सेंटिमीटर व्यासाचं पत्र्याचं झाकण, त्याचे चार भाग करून एकाआड एक काळे-पांढरे रंगवायचे, खाली वजन, मधून सुतळी आणि सुतळीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता अशाच रीतीनं, पण पांढरी तबकडी सोडून मोजली होती. तबकडी हळूहळू सोडा, दिसेनाशी होईल तिथे गाठी मोजा. तुमच्या हद्दीतल्या सगळ्यात खोल जागी तळावर टेकलेली तबकडी दिसत नसेल, तर तळाशी गेलेलं मूलही पहारेकऱ्याला दिसणार नाही. मग हद्द उथळ पाण्याकडे आत घ्या. आणि ही मोजणी दुपारी पुन्हा करा, कारण सकाळी नितळ असलेलं पाणी शंभर पायांनी गाळ ढवळला की तासाभरात चहासारखं होतं.

आता तराफा. लोक पिंपं बांधतात, वर फळ्या ठोकतात आणि तरंगला की झालं म्हणतात. तरंगणं सोपं आहे. एका कडेला सगळी मुलं धावली तरी न उलटणं अवघड. २.४ मीटर बाय २.४ मीटरचा तराफा, दोन्ही कडांना दोनशे लिटरची तीन-तीन प्लॅस्टिकची पिंपं, असं धरू. सहा पिंपं मिळून बाराशे किलोचा भार उचलतात. त्यातून पिंपांचं स्वतःचं वजन, लाकूड आणि लोखंड मिळून साधारण दोनशे किलो वजा करा, उरले हजार. पण सगळे एका कडेला आले तर त्या बाजूची तीनच पिंपं कामाला येतात: सहाशे किलो, त्यातून तराफ्याचं निम्मं वजन शंभर, म्हणजे पाचशे. तिथेही पिंपं पूर्ण बुडालेली असतात, म्हणून थोडी जागा राखायलाच हवी. त्यामुळे अशा तराफ्यावर एका वेळी दहा लहान मुलं किंवा पाच मोठी माणसं, त्यापुढे नाही. हा आकडा तराफ्यावरच मोठ्या अक्षरांत रंगवा.

पिंपं खाण्याचे पदार्थ साठवलेली घ्या, रसायनांची नकोत. बुचाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून ते घट्ट आवळा. उन्हात तापलेलं पिंप थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सैल बुचातून पाणी आत ओढलं जातं. दोन दिवसांनी एक कोपरा खाली का गेला हे मग कुणाला कळत नाही. पिंपाला भोक पाडून स्क्रू मारू नका, पट्ट्यांनी चौकटीला आवळा. फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट पाणी निथळायला पुरते, त्याहून मोठ्या फटीत बोटं अडकतात. पिंपांच्या मधल्या पोकळीत मूल शिरू नये म्हणून बाजू पट्ट्या मारून बंद करा. शिडीच्या किमान तीन पायऱ्या पाण्याखाली हव्यात. थकलेल्या माणसाला हातांच्या जोरावर वर चढता येत नाही.

नांगरासाठी काँक्रीटचे ठोकळे चालतात, पण पाण्यात काँक्रीटचं वजन सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतं. काठावर शंभर किलोचा ठोकळा तळाशी साठाच्या आतच भरतो. समोरासमोर दोन ठोकळे टाका, म्हणजे वारा फिरला तरी तराफा गोल फिरत नाही. इथली दोरी नायलॉनची हवी, कारण ती बुडते. तरंगती दोरी पोहणाऱ्यांच्या पायात येते. खोलीच्या तिप्पट लांबी द्या आणि ठोकळ्याकडचे दोनेक मीटर साखळी लावा, म्हणजे ओढ तळाला समांतर राहते आणि ठोकळा उचलला जात नाही. तराफ्यावरून डोकं खाली करून सूर मारायला सरसकट मनाई ठेवा. मानेचे मणके मोडतात ते अशाच ओळखीच्या, ‘इथे खोल आहे’ म्हटलेल्या पाण्यात.

पहारा प्रशिक्षित जीवरक्षकांकडेच द्या, गावातले पट्टीचे पोहणारे त्यांच्या मदतीला. एकाची पाळी वीस ते तीस मिनिटांची असावी, त्यापुढे नजर भिरभिरायला लागते. सूर्य पाठीशी येईल अशा जागी उभं राहायचं, म्हणजे दुपारनंतर जागा बदलावी लागते. पहारेकऱ्यांनाच नव्हे, सगळ्या पालकांना हे सांगा: बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होतं, डोकं मागे कललेलं असतं, हात बाजूला पसरून पाणी दाबत असतात, पाय मारलेले दिसत नाहीत आणि शरीर उभंच राहतं. हे सगळं मिनिटभरात संपतं. मदतीचा क्रम असा: काठी किंवा टॉवेल पुढे करा, नाहीतर तरंगती दोरी फेका, नाहीतर होडी न्या. पाण्यात उडी फक्त प्रशिक्षितानं मारायची. फेकायच्या दोऱ्या पंधरा-वीस मीटरच्या, पिशवीत भरून, दर तीसेक पावलांवर टांगा.

बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं हे अजूनही होतं. त्यात अमोल वेळ जातो आणि पोटातलं बाहेर येऊन श्वासनलिकेत जातं. माणूस प्रतिसाद देत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, असं न थांबता. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०. त्याच वेळी दुसऱ्यानं रुग्णवाहिका बोलवायची. तिच्यासाठी पाण्यापर्यंतची एक वाट दिवसभर मोकळी ठेवा, तिथे एकही दुचाकी नको.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत सगळ्यांना भडक नारिंगी टोप्या द्या. निळी किंवा काळी टोपी पाण्यात हरवते. क्रमांक टोपीवर आणि दंडावर, दोन्हीकडे. संख्या नोंदणीच्या वहीतून घेऊ नका, पाण्यात उतरतानाच एकेकाला मोजा. नाव देऊन न आलेला माणूस आणि हरवलेला माणूस कागदावर सारखेच दिसतात. मधूनच बाहेर पडणाऱ्यानं आधी मोजणाऱ्याकडे जायचं, मगच टॉवेलकडे.

हवामानात दोन गोष्टी फसवतात. काठाकडून तळ्याकडे वाहणारा वारा काठाजवळचं पाणी अगदी शांत ठेवतो, पण रबरी ट्यूबवर बसलेल्या मुलाला पाचेक मिनिटांत खोल पाण्यावर नेतो. असा वारा असेल तर फुगवलेल्या वस्तूंना बंदी घाला. तोच वारा वरचं ऊबदार पाणी पलीकडे ढकलतो आणि खालचं गार पाणी त्याच काठाला वर येतं, म्हणून काल सुखद असलेलं पाणी आज दात वाजवतं. शर्यतीच्या सकाळी तापमान काठावर नाही, वाटेत मध्यभागी मोजा. आणि वीज: लकाकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, सगळे बाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं कुणीही पाण्यात नाही, ऊन पडलं तरी.

पाण्याचा नमुना आत्ताच एकदा आणि आदल्या आठवड्यात एकदा तपासून घ्या. ई. कोलाय म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू. त्याची चाचणी जिवाणू वाढवून करतात, निकालाला साधारण एक दिवस लागतो. आदल्या संध्याकाळी नमुना देऊन उपयोग नाही. निर्जंतुक बाटली पृष्ठभागाखाली सुमारे तीस सेंटिमीटरवर भरा, बर्फात ठेवा, सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. जोराचा पाऊस झाला तर पुढचे दोन दिवस पोहणं टाळा, काठावरची सगळी घाण तळ्यात उतरलेली असते. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग सांडल्यासारखा दिसला तर काठी फिरवून बघा: धाग्यांसारखं काठीला लटकलं तर बहुधा साधं शेवाळ, रंगासारखं माखलं तर निळं-हिरवं शेवाळ असण्याचा संशय घ्या, ते विषारी असू शकतं. अशा वेळी मुलं आणि कुत्री दोन्ही पाण्यापासून लांब. ते पाणी उकळूनही विष जात नाही.

संध्याकाळच्या गाण्यांसाठी ध्वनिक्षेपकांची तोंडं पाण्याकडे करू नका. सूर्यास्तानंतर पाण्यालगतची हवा गार आणि वरची ऊबदार असली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि पलीकडच्या काठावर अंगणात वाजल्यासारखा ऐकू जातो. अंधार पडायच्या आत पाण्यातली शेवटची मोजणी करा, फळ्यावरचे सगळे बिल्ले ‘काठावर’ आलेले दोघांनी बघून सही करा, आणि तराफा त्याच संध्याकाळी काठावर ओढून शिडी काढून ठेवा. पहारा नसताना पाण्यात उभा राहिलेला तराफा रात्री मुलांना बोलावतो.