वाचकांचे प्रश्न : वेग वाढवला की टोकं बोथट

प्रश्न : बुटीबोरीच्या आमच्या युनिटमध्ये २५० मायक्रॉनच्या पॉलिकार्बोनेट (एक पारदर्शक प्लास्टिक) फिल्मवर २५ मायक्रॉन उंचीचे प्रिझम, म्हणजे टोकदार त्रिकोणी उंचवटे, उठवतो. एक तापता खाचांचा रोल, समोर रबरी रोल. मिनिटाला २ मीटरवर माल छान येतो, ८ मीटरवर टोकं बोथट. तापमान वाढवलं तर फिल्म रोललाच चिकटते.

उत्तर : दोन रोलांमधली दाबपट्टी, म्हणजे फिल्म दाबली जाते ती अरुंद जागा, १० मिमी रुंद धरली, तर २ मीटरच्या वेगाला फिल्म तिथे ०.३ सेकंद असते, ८ मीटरला ०.०७५. त्यातही काही वेळ गार फिल्म तापण्यात जातो. घट्ट प्लास्टिकला खाचेत उतरायला उरतो तेवढाच. तेव्हा फिल्म आधीच तापवून आणा. इन्फ्रारेड हीटरने १३० अंशांपर्यंत. त्याहून वर नको, कारण १४७च्या आसपास ती मऊ पडून ताणाने लांबते. रबर थोडं मऊ घेतलं तर पट्टी रुंद होते. नुसता दाब वाढवत गेलात तर रोल वाकेल आणि कडांना प्रिझम भरतील, मध्यावर नाही.

चिकटण्याचं मूळ वेगळं आहे. भरायला १८० अंश लागतात, सोडवायला १४०च्या खाली यावं लागतं. एकाच तापमानाच्या रोलकडून दोन्ही कामं होत नाहीत. खाचा निकेलच्या अखंड पट्ट्यावर घ्या : पट्टा फिल्मसकट गरम रोलवरून गार रोलवर जातो, फिल्म तिथे सुटते. खर्चिक आहे, पण तुमचं दुखणं नेमकं इथेच आहे. पट्ट्यावर फिल्म फार गारही करू नका. पॉलिकार्बोनेट निकेलच्या सुमारे पाचपट आकसतं, प्रिझम खाचेच्या भिंतीला आवळून बसतात आणि सोडताना टोकं मोडतात.

खर्च करण्याआधी टोकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सगळी सारखी गोल असतील तर भरणं अपुरं. टोकावर खळगा असेल तर हवा अडकली. एका बाजूला कललेली असतील तर फिल्म गरम असतानाच सोडवली गेली. रोलच्या परिघाने फिरणाऱ्या खाचांतून हवा आपोआप निघते. आडव्या खाचांत किंवा बंद खळग्यांत ती कोंडते.

प्रश्न : जुलैत त्याच फिल्मवर बारीक फोड का येतात?

उत्तर : ओलावा. पॉलिकार्बोनेट हवेतलं पाणी शोषतं, तापल्यावर त्याची वाफ होते. गुंडाळीचं वेष्टन मशीनवर चढवतानाच काढा. आख्खी गुंडाळी ओव्हनमध्ये ठेवून फारसा उपयोग नाही, आतल्या थरांतून ओल निघायला वाटच नसते. सुटी फिल्म १२० अंशांच्या हवेतून नेली तर लवकर सुकते.