इंजिन तेवढंच ठेवून नुसतं वजन घटवलं तर ड्रॅग रेसमध्ये खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि तो किती हे मला डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूवर एका फोर्ड फेअरलेन थंडरबोल्टसमोर वाकून बघताना कळलं. ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची रीघ लागते. या गाडीला पुढे चार हेडलाइट हवेत. आतल्या दोघांच्या जागी होती जाळी, आणि जाळीमागून जाडजूड पाईप थेट कार्ब्युरेटरकडे गेलेले. इंजिनाला बॉनेटखालची तापलेली हवा नको, बाहेरची गार हवी, म्हणून दिवेच काढले!

ही 1964 ची गाडी, बनल्या सुमारे शंभर. मध्यम आकाराच्या फेअरलेनमध्ये 427 घनइंचाचं, म्हणजे सात लिटरचं इंजिन कोंबलेलं. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड फायबरग्लासचे. रेडिओ नाही, हीटर नाही, ड्रायव्हरशेजारच्या बाजूला वायपरसुद्धा नाही. पत्र्यांची जुळणी नेहमीच्या दर्जाची नाही, अशी लेखी सूचना फोर्डनेच गाडीत लावली होती.

बॅटरी मात्र डिकीत, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. ही शर्यत पाव मैलाची, 402 मीटरची, जागेवरून सुटायची. सुटताना मागची चाकं नुसती गरगरली तर सगळी ताकद टायरच्या धुरात जाते. पुढचं ओझं उतरवून मागे टाकलं की टायर रस्ता धरतात. त्यामुळे नाकावरचा एक किलो कमी केला की फायदा दुहेरी: ओढायचं वजनही घटतं आणि पकडही सुधारते.

जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅक विभागाने 1963 मध्ये वजन घटवायला आपल्या कॅटलिना गाडीच्या चासीलाच भोकं पाडली. लोक तिला ‘स्विस चीज’ म्हणतात. अशा फक्त 14 झाल्या, कारण त्याच जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून बाहेर काढलं.

माझी सगळ्यात लाडकी मात्र 1968 ची डॉज हेमी डार्ट. छोट्याशा गाडीत 426 घनइंचाचं ‘हेमी’, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षाचं इंजिन, दारांचा पत्रा अॅसिडमध्ये बुडवून पातळ केलेला, आत व्हॅनच्या हलक्या सीट. खिडकी वरखाली करायला हँडलही नाही, एक पट्टा धरून काच ओढायची. गाडी हातात यायची ती नुसता प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात मारलेली, पुढचं फायबरग्लास तर कोरंच. रंग घेणाऱ्याने आपल्या खर्चाने लावायचा.