पाळी लवकर आली म्हणून डोकंही लवकर मोठं होतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पाचवीत आहे, दहा पूर्ण झाले आणि महिन्याभरात पाळी आली. सासूबाई म्हणतात, "शहाणी झाली, आता हुंदडणं बंद." त्यात गणिताचे मार्क उतरले, म्हणून मेंदूवर काही परिणाम झाला की काय ही तुमची धास्ती. मी बावीस वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवलं. हा प्रश्न पालकसभेत कधीच कुणी विचारला नाही. सभा संपल्यावर, वर्ग रिकामा झाल्यावर आयांनी हळू आवाजात विचारला.

आधी डॉक्टरांचं. छातीची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे तुमच्याकडे सुरुवात साडेसात-आठच्या सुमारास झाली असणार. ८ वर्षांच्या आत सुरुवात झाली असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंच असतं, तेव्हा एकदा जाऊन या. ते बहुधा डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं वयाच्या मानानं किती वाढलीत ते, बघतील.

आता 'शहाणी' या शब्दाचं. घोळ तिथेच आहे. पाळीचा कारभार मेंदूतला हायपोथॅलॅमस चालवतो. त्याचा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला जातो, तिथून अंडाशयाला. या साखळीतली संप्रेरकं (हार्मोन्स) मेंदूवरही काम करतात. चटकन रडू येणं, मैत्रिणीचं बोलणं मनाला लागणं, यात त्यांचा वाटा असतो. पण पुढचा विचार करणं, मोह आवरणं, चार कामं ओळीनं लावणं हे कपाळामागच्या भागाचं काम, आणि तो भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. पाळी आली म्हणून तो एकदम पुढे उडी मारत नाही. मुलगी पाच फुटांची दिसते, कंपास मात्र अजून शाळेतच विसरून येते. ते तिच्या वयाला धरूनच आहे.

बुद्धीचं म्हणाल, तर १९७६ मध्ये अमेरिकेत डेबोरा वेबर यांच्या अभ्यासात उशिरा वयात येणारी मुलंमुली आकृत्या मनात फिरवण्यात सरस दिसली होती. त्यावर बरीच चर्चा झाली, पण पुढच्या अभ्यासांत हा फरक अगदी किरकोळ निघाला. तेव्हा ती भीती सोडा.

मग मार्क का उतरतात? बहुतेकदा आजूबाजूच्या लोकांमुळे. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा माग अनेक वर्षं ठेवला गेला. लवकर वयात आलेल्या मुलींमध्ये बेशिस्तीचा धोका मुलामुलींच्या एकत्र शाळांत जास्त दिसला, फक्त मुलींच्या शाळांत तसा नाही. शरीरातला बदल तोच, भोवताल वेगळा. (म्हणून मुलींच्या शाळेत घाला असं मी म्हणत नाहीये!) माझ्या वर्गात एक होती, रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहायची. सहामाहीनंतर दप्तर छातीशी धरून बसू लागली. फळ्याकडे बोलावलं की "येत नाही" म्हणायची. येत होतं तिला. उठायचं नव्हतं.

दोन साध्या गोष्टी तपासा. झोप: वयात येताना शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं, रात्री डोळा लागत नाही आणि सकाळची शाळा तर सातला. या वयाला किमान ९ तास हवेत. दुसरं, लोह. १९९६ मध्ये बाल्टिमोरमध्ये लोह कमी असलेल्या, पण हिमोग्लोबिन ठीक असलेल्या मुलींना ८ आठवडे गोळ्या दिल्या, तर त्यांचं शब्द लक्षात ठेवणं सुधारलं. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही (शरीरात लोहाचा साठा किती ते सांगणारी तपासणी) विचारा. गोळ्या मात्र मनानं सुरू करू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका, पण लंगडी-खोखो बंद होऊ देऊ नका. दप्तरात पॅड आणि एक जादा निकर ठेवा, वर्गशिक्षिकेला कानावर घालून ठेवा. आणि घरातल्या मोठ्या माणसाची कामं, धाकट्याची जबाबदारी वगैरे, उंची बघून तिच्यावर टाकू नका.

गणिताची उत्तरपत्रिका काढून चुका कुठे आहेत ते बघा. छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेत असतील, तर पाचवीत तिथे निम्मा वर्ग घसरतो, पाळी न आलेली मुलंसुद्धा.