कारली-पडवळावरील फळमाशी : फवारणी थांबवा, सापळा वेळेवर लावा

प्रश्न : घरामागच्या मांडवावर कारली, पडवळ आणि दोडकी लावली आहेत. कोवळी फळे वाकडी होऊन पिवळी पडतात आणि चिरल्यावर आत अळ्या दिसतात. दुकानदाराने दिलेले कीटकनाशक दर चार दिवसांनी फवारूनही फरक पडत नाही. काय करावे? (गुहागर, श्रीवर्धन व मालवण तालुक्यांतून आलेले प्रश्न)

उत्तर : ही फळमाशी आहे. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो. थेंबही नाही आणि अळीही नाही, तरीही बारीक फळ पिवळे पडून गळले, तर बहुधा परागीभवन झालेले नसते. त्याला औषध लागत नाही.

अळी फळाच्या आत असल्यामुळे वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मग दुकानदार मात्रा दुप्पट करायला सांगतो, सोबत टॉनिकची बाटली देतो, आणि मरतात त्या मधमाश्या. जी कारली एक दिवसाआड तोडून थेट स्वयंपाकघरात जातात, त्यांच्या बाबतीत औषधाच्या लेबलावर दिलेला फवारणी ते काढणी हा कालावधी पाळणे शक्यच नसते. म्हणून परसबागेत या किडीसाठी रासायनिक कीटकनाशक फवारू नका. बाटलीच्या झाकणाने अंदाजे मापून तर मुळीच फवारू नका.

किडलेली फळे, वेलीवरची आणि खाली पडलेलीही, रोज सकाळी वेचा. ती खतखड्ड्यात किंवा माडाच्या आळ्यात टाकू नका, कारण अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि तिथूनच नवी माशी निघते. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून अळ्या मरेपर्यंत ठेवा. मांडवाखालची माती खुरप्याने वरचेवर हलवली की कोष उघडे पडतात आणि कोंबड्या ते टिपतात.

दुसरा उपाय सापळ्याचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आपल्याकडे सर्वांना माहीत आहे; चूक होते ती आत ठेवायच्या, नर माश्यांना ओढणाऱ्या गंधद्रव्याची. आंब्याच्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉल लागते, वेलभाज्यांच्या फळमाशीसाठी क्यू-ल्यूर. आंब्याच्या हंगामात उरलेला माल ‘दोन्हीला चालतो’ असे सांगून कोणी देत असेल तर घेऊ नका; तो चालत नाही. सापळ्यात फक्त नर सापडतात, त्यामुळे फळे किडल्यानंतर लावलेल्या सापळ्याचा फारसा उपयोग होत नाही. पहिली कळी दिसताच मांडवाच्या उंचीवर तो टांगा. परसबागेला एक-दोन सापळे पुरेत. शेजारच्या मांडवांवर किडलेली फळे तशीच लोंबत असतील तर तुमचा एकट्याचा सापळा अपुरा पडेल, म्हणून वाडीतील सर्वांनी एकाच आठवड्यात सापळे लावावेत.

मोजकी फळे असतील तर फूल सुकताच फळाला जुन्या साडीच्या पातळ कापडाची पिशवी बांधा. कागदी पिशवी आपल्या पावसात टिकत नाही.

फवारायचेच असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, उघडीप पाहून वापरावे. कारल्याची फुले सकाळी उमलतात, त्यामुळे त्यावर संध्याकाळी फवारा; पडवळ-दोडक्याची संध्याकाळी उमलतात, त्यांवर सकाळी. वेल फोफावण्यासाठी युरियाची मूठ टाकू नका. जांभ्या जमिनीतून तो पहिल्याच सरीत वाहून जातो. कुजलेले शेणखत किंवा पातेऱ्याचे खत द्या.

गांडूळ खत व नाडेपसाठी (कंपोस्ट खताची टाकी) सरकारी योजनेतून मदत मिळते का, ते ग्रामपंचायतीत विचारावे. बचत गटांनी पोषण परसबागेबाबत उमेद अभियानाकडे विचारावे.