व्हिसावर असताना स्कूल बोर्डापुढे बोलावं का?

न्यू जर्सीहून एका आईने विचारलं आहे: "मुलगा दुसरीत आहे, वाचनात मागे पडतोय. त्याला वाचन शिकवणाऱ्या खास शिक्षिका होत्या. त्यांची जागा पुढच्या वर्षी रद्द होणार असं कानावर आलंय. प्रिन्सिपलना विचारलं तर म्हणाले, निर्णय डिस्ट्रिक्टचा, माझ्या हातात काही नाही. आम्ही एच-वन-बीवर आहोत. नवरा म्हणतो, आपण इथले नागरिक नाही, कशाला तोंड उघडायचं? मुलावर राग निघाला तर?"

बोला. जरूर बोला, आणि लवकर बोला.

न्यू जर्सीत १९७५ सालापासून खुल्या बैठकांचा कायदा आहे. स्कूल बोर्ड म्हणजे डिस्ट्रिक्टचा, अर्थात गावच्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, कारभार पाहणारं मंडळ. त्याला आपल्या बैठका लोकांसमोर घ्याव्या लागतात आणि प्रत्येक बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवावा लागतो. तिथे नाव आणि गाव विचारतात, व्हिसा कुणी विचारत नाही. घर भाड्याचं असलं म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही. या राज्यात प्रॉपर्टी टॅक्सचा साधारण निम्मा पैसा शाळांकडे जातो, आणि घरमालकाचा तो टॅक्स तुमच्या भाड्यातूनच भरला जातो.

मतदान मात्र वेगळी गोष्ट आहे. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत तुम्हाला मत देता येत नाही. गाडीचं लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो. घाईत 'हो' करू नका, स्पष्ट नकार द्या. चुकून झालेली नोंदणी पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी आडवी येऊ शकते.

आता प्रिन्सिपलचं उत्तर. ते टाळाटाळ करत नसावेत. शिक्षकाची जागा ठेवायची की काढायची हे बजेटमध्ये ठरतं. बजेट डिस्ट्रिक्टचे सर्वांत वरचे अधिकारी, म्हणजे सुपरिंटेंडंट, मांडतात आणि मंजूर बोर्ड करतं. बोर्डाचे सदस्य बहुतेक गावांत निवडून आलेले, तुमच्याच वस्तीत राहणारे, बिनपगारी लोक असतात. शाळेत हुज्जत घालून काही होणार नाही, आणि ज्यांच्याशी मुलाचा रोजचा संबंध आहे त्यांच्याशी नातं मात्र बिघडेल. प्रश्न जिथला आहे तिथेच विचारा.

वेळ साधणं सगळ्यात महत्त्वाचं. कच्चं बजेट मार्चमध्ये मांडलं जातं, जाहीर सुनावणी एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात होते. टेन्युअर (नोकरीत कायमपण) नसलेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे १५ मेपर्यंत कळवावं लागतं. जूनमध्ये जाऊन कळवळून बोललात तर लोक आदराने ऐकतील, पण तोवर पैसे वाटून झालेले असतात. आपली बरीचशी मंडळी नेमकी तेव्हाच जागी होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जाण्याआधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरून दोन गोष्टी उतरवून घ्या. पहिली, सर्वसामान्यांसाठी सोप्या भाषेत तयार केलेलं बजेट, जे तिथे टाकणं बंधनकारक आहे. दुसरी, बैठकीचा अजेंडा. अजेंड्यातले अनेक ठराव एकगठ्ठा एकाच मतदानात मंजूर होतात, त्यामुळे 'पर्सोनेल' (कर्मचाऱ्यांविषयीचा) हा भाग ओळ न् ओळ वाचा. जागा रद्द करण्याचा ठराव तिथे एखाद्या ओळीत असू शकतो. कानावर आलेल्या बातमीवर विसंबून बोलू नका. अजेंड्यात काही सापडलं नाही तर ओप्रा या सरकारी कागदपत्रं मागण्याच्या राज्याच्या कायद्याखाली लेखी अर्ज करून संबंधित कागदपत्रं मागा. त्यांना साधारणपणे कामाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

बोलायला मोजकीच मिनिटं मिळतात, बऱ्याच ठिकाणी तीन. लिहून न्या आणि घरी मोठ्याने वाचून बघा. मुलाचं नाव घेऊ नका, शिक्षिकेचंही नको. पैसेच नाहीत, असं उत्तर येईल, आणि त्यात तथ्यही असतं: इथे काही अपवाद सोडले तर डिस्ट्रिक्टला टॅक्सची वसुली वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणून 'जागा वाचवा' एवढंच म्हणून थांबू नका. असं विचारा: "ही जागा गेल्यावर वाचनात मागे असलेल्या मुलांना कोण शिकवणार? आठवड्यातून किती वेळ? आणि ही जागा कापण्याआधी दुसऱ्या कोणत्या खर्चाचा विचार झाला?" बोर्ड तिथल्या तिथे उत्तर देईलच असं नाही. खाली मान घालून टिपणं घेतील, 'थँक यू' म्हणतील. तो अपमान नव्हे, बहुतेक बोर्डांची ती पद्धतच आहे. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न सुपरिंटेंडंटना ईमेलने पाठवा आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल ते विचारा.

एकट्या जाऊ नका. त्याच शिक्षिकेकडे जाणाऱ्या इतर मुलांचे आईवडील शोधा. ते मराठी नसतील, भारतीयही नसतील. एक गोष्ट मनापासून सांगते: आपले लोक बोर्डापुढे जातात ते बहुधा वरच्या गणिताच्या वर्गासाठी. वाचनात अडखळणाऱ्या मुलासाठी उठून उभं राहणारी मराठी आई फार क्वचित दिसते, कारण 'आपलं मूल मागे आहे' हे चारचौघांत म्हणायची लाज वाटते. ती लाज सोडा.

बोर्डाचा निकाल काहीही लागो, मुलासाठी एक काम आजच करा. वाचनातली अडचण तपासून घ्यायची असेल तर डिस्ट्रिक्टच्या चाइल्ड स्टडी टीमला, म्हणजे मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाला, लेखी पत्र द्या. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. लेखी विनंती मिळाल्यापासून २० दिवसांत, शाळेच्या सुट्ट्या वगळून पण उन्हाळ्याची सुट्टी धरून, त्यांना तुमच्यासोबत बैठक घ्यावी लागते. ही मुदत त्या तारखेपासूनच मोजली जाते, म्हणून पत्राची प्रत आणि पोच जपून ठेवा. त्याचे शाळेतले रेकॉर्ड बघायचा हक्कही १९७४ च्या फर्पा या केंद्रीय कायद्याने तुम्हाला आहे. मागणी केल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत ते दाखवावे लागतात. 'त्याच्या घरी दुसरी भाषा बोलतात म्हणून तो मागे आहे' असं कुणी म्हणालं, तर ते कशाच्या आधारे म्हणता, हे विचारा. मराठी मात्र बंद करू नका.

राग निघण्याची भीती मला समजते. त्यावर उपाय कागदाचाच. सगळं लेखी ठेवा, तारखा घाला, भाषा सौम्य ठेवा आणि शिक्षिकेच्या कामाचं कौतुक पहिल्या वाक्यातच करा. तुमच्या नवऱ्यालाही सोबत न्या. ते बोलले नाहीत तरी चालेल, शेजारच्या खुर्चीवर बसू देत.