खोट्या बटणाला घाई असते

"मॅडम, फोनमधले सगळे गेम काढून टाकले. आता हा क्रोम उघडून तिथंच खेळतो. तिथलं काय काढायचं?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलाय, की पहिले चार शब्द कानावर पडले की पुढचे मला पाठ असतात. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी लॅपटॉप, टॅब घरोघरी आले आणि राहिले. ब्राउझरमधल्या खेळाला इन्स्टॉल करायला लागत नाही, जागा लागत नाही, प्रायव्हेट विंडो मिटली की हिस्टरीतही काही उरत नाही. शाळेच्या संगणक कक्षात सरांनी एक साइट बंद केली, तर दुसऱ्या दिवशी तोच खेळ दुसऱ्या पत्त्यावर सुरू असतो आणि तो पत्ता मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्गाला ठाऊक होतो.

मग पालक विचारतात, दिवसाला किती वेळ चालेल? व्यसन तर नाही ना लागलं? हल्ली प्रत्येक व्याख्यानात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा उल्लेख येतो, त्यामुळे तोही प्रश्न येतोच. वेळेचा प्रश्न खोटा नाही, पण मी तिथून सुरुवात करत नाही. का, ते सांगण्यासाठी एक केस सांगते. नाव, इयत्ता, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलाची आणि आईवडिलांची परवानगी घेतली आहे.

ओंकार आठवीतला. वडिलांचं सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये, थोरली बहीण इंजिनिअरिंगला. गणपती झाल्यापासून याच्या पोटात दुखायचं, तेही फक्त सकाळी, शाळेच्या वेळेला. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, काही निघालं नाही. फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. आईचं निदान तयार होतं: "सहामाहीचं टेन्शन, आणि तो लॅपटॉपवरचा गेम. लॅपटॉप आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलाय."

मुलगा हो-नाहीच्या पलीकडे जाईना. अभ्यास? ठीक. मित्र? आहेत. गेम? आता नाही खेळत.

"मला शिकवशील?" मी विचारलं.

असं विचारलं की मुलं आधी संशयाने बघतात, आणि ते बरोबरच आहे. मोठी माणसं खेळ शिकायला मागतात तेव्हा बहुतेकदा त्यांना दुसरंच काही हवं असतं. मलाही हवंच होतं. पण मला तो खेळ खरोखर येत नव्हता, हेही तेवढंच खरं. मी माझा लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. त्याने एक साइट उघडली आणि मला क्लिक करायला सांगितलं. पडद्यावर हिरवंगार 'प्ले' होतं, मी दाबलं. भलतंच पान उघडलं: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे. परत आले, दुसरं बटण दाबलं. आता फ्लॅश प्लेअर अपडेट करा म्हणून पाटी आली.

तो पहिल्यांदा हसला. "मॅडम, फ्लॅश बंद होऊन किती वर्षं झाली. अजून कोण अपडेट मागतंय म्हणजे ते फेकच."

(फ्लॅश प्लेअर म्हणजे ब्राउझरमधले जुने खेळ चालवणारं सॉफ्टवेअर. अडोबी कंपनीने तो ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला. आज ब्राउझरमधले खेळ त्याच्याशिवाय चालतात. तेव्हा 'फ्लॅश अपडेट करा' सांगणारी साइट दिसली की टॅब बंद करायचा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. हे मला ओंकारनेच शिकवलं, मी नंतर खात्री करून घेतली.)

"मग खरं बटण कुठलं?"

त्याने खाली, कोपऱ्यातल्या एका मळकट त्रिकोणाकडे बोट दाखवलं. "हे. खरं बटण गप असतं. खोटं बटण चमकतं, हलतं, त्यात उलटे आकडे पळत असतात, दहा, नऊ, आठ. खोट्या बटणाला घाई असते."

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. तेव्हा त्याचा उपयोग काय होणार हे ठाऊक नव्हतं, पण मुलाला जे उत्तम येतं ते लिहून ठेवायची माझी सवय आहे. समुपदेशनात उत्तरं बहुतेकदा माणसाकडेच असतात, चुकीच्या कप्प्यात ठेवलेली.

पुढच्या भेटीत त्याने थोडं थोडं सांगायला सुरुवात केली. त्या खेळात चॅट होतं. तिथं एक 'सीनियर' भेटला, डाव कसा टाकायचा ते सांगायचा. पुढे गप्पा दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर गेल्या.

"काय बोलायचात?"

"काही नाही. 'भाई, खाना खाया?' असं." थोडं थांबून, "घरी सगळे विचारतात, अभ्यास झाला का."

एक दिवस त्या सीनियरने दुर्मिळ स्किन, म्हणजे खेळातल्या पात्राचं नवं रूप, देतो म्हणून लिंक पाठवली. पान हुबेहूब खेळाच्या लॉगिनसारखं. ओंकारने पासवर्ड टाकला. तोच पासवर्ड त्याच्या जीमेलला होता, आणि जीमेलबरोबर फोनमधले फोटो आपोआप साठत होते. दोन दिवसांनी त्या माणसाने नरसोबाच्या वाडीला काढलेला घरच्यांचा फोटो त्याला परत पाठवला. ताईच्या चेहऱ्याभोवती लाल गोल. 'तू सांगलीत राहतोस, तुझा आयपी माझ्याकडे आहे. पैसे टाक, नाहीतर हिचा फोटो एडिट करून शाळेत सगळ्यांना पाठवतो.'

सोसायटीच्या गणपतीचं पावतीपुस्तक ओंकारकडे होतं. वर्गणीतले ९०० रुपये त्याने काढले आणि कोपऱ्यावरच्या मोबाईल दुकानातल्या पोराला रोख देऊन, त्याच्या यूपीआयवरून पाठवायला लावले. पैसे गेले, आणखी मागणी आली. मग त्याने सगळं चॅट पुसून टाकलं. तेव्हापासून पोट दुखत होतं.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीत शिकलेली. घडलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीचा आपण लावलेला अर्थ आपल्याला जास्त छळतो, यावर माझा विश्वास आहे, आणि इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही. तेव्हा मी त्याला धीर वगैरे दिला नाही. म्हटलं, "समजा घरी कळलं. पुढं काय होईल?"

"सगळं संपेल."

"सगळं म्हणजे? बाबा मारतील?"

"नाही. बाबा कधी मारत नाहीत."

"मग?"

बराच वेळ गेला. "ते बोलणार नाहीत."

मारापेक्षा वडिलांच्या अबोल्याला घाबरणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत, आणि धमकी देणाऱ्याला त्यांच्या घरातलं हे काही ठाऊक असायची गरजही नसते. 'घरी सांगितलंस तर बघ' एवढं म्हटलं की पुरतं, बाकीचं चित्र मूल स्वतःच रंगवतं.

मग मी वही उघडली. "तू मला त्या दिवशी सांगितलंस, खोट्या बटणाला घाई असते. खरं बटण गप असतं. बरोबर?"

"हो."

"तो माणूस कसा बोलायचा?"

ओंकारने खांदे उडवले. मग काहीतरी आठवत असल्यासारखा टेबलाकडे बघत बसला. "आधी नीट बोलायचा. पण लिंक पाठवली तेव्हा म्हणाला, दोन मिनिटांत लॉगिन कर, ऑफर जाईल. पैसे मागितले तेव्हा म्हणाला, पाच मिनिटांत टाक." आणि मग, आवाज चढवून, जवळजवळ चिडून: "मॅडम, तो पण बटणच होता!"

अशा वेळी मी काही बोलत नाही. शिकवायचा मोह होतो, पण मुलाने स्वतः गाठलेल्या जागी आपण भाषण केलं की ती जागा आपली होते. तो स्वतःच पुढे बोलत राहिला. लिंक कधी आली, त्याआधी काय म्हणाला, कुठल्या रात्री. महिनाभर स्वतःला मूर्ख म्हणवणारा मुलगा आता तपास करत होता. त्याच्यात जे कौशल्य आधीपासून होतं, ते बटणांपुरतंच आहे असं तो धरून चालला होता. माणसांनाही ते लावता येतं, एवढीच भर पडली. मला स्वतःला या केसमधलं हे सगळ्यात आवडतं. सावधपणा शिकवावा लागला नाही.

आयपीचाही भुंगा काढला. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवर आपल्या जोडणीला मिळालेला क्रमांक. आयपी पत्त्यावरून साधारण इंटरनेट कंपनी आणि शहर कळतं, तेही कधी कधी चुकीचं. घर क्रमांक कळत नाही. ग्राहकाचा पत्ता इंटरनेट कंपनीकडे असतो आणि तपासासाठी पोलीस तो रीतसर मागवू शकतात, स्किनचं आमिष दाखवणाऱ्याला तो कुणी देत नाही. सांगली म्हटलं म्हणजे त्याने दार पाहिलंय असं नव्हे. हे ऐकून त्याचे खांदे अक्षरशः दोन बोटं खाली आले.

घरच्यांना सांगायचं त्यानेच ठरवलं, माझ्यासमोर. बोलताना त्याची नजर वडिलांच्या चपलांवर होती. संपल्यावर वडील बराच वेळ गप्प. मला वाटलं, झालं, हाच तो अबोला. मग ते म्हणाले, "मला पण तो मेसेज आला होता. महावितरणच्या नावाचा. आज रात्री लाईट तोडणार म्हणून. मी त्या नंबरवर फोन केला."

आईने मान वळवली. "कधी? आणि किती गेले?"

पुढची दहा मिनिटं ओंकार बाजूलाच राहिला आणि ती त्याच्या आयुष्यातली फार चांगली दहा मिनिटं असावीत. वडिलांनी वर्षभर घरात सांगितलं नव्हतं. लपवायची रीत मुलाने कुठून उचलली, ते मला समजावून सांगावं लागलं नाही.

आता जे पालक हे वाचत असतील त्यांना उपयोगी पडेल ते सांगते.

आम्ही त्याच दुपारी आधी जीमेलचा पासवर्ड बदलला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट केलं, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. क्रम महत्त्वाचा, कारण ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. पैसे जाताच या नंबरवर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त. इथे महिना उलटला होता, ९०० रुपये परत आले नाहीत, पण तक्रार नोंदवली. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर मुलांच्या आणि स्त्रियांच्या छळाच्या काही प्रकारांत नाव न देताही कळवता येतं. चॅट पुसलेलं असल्यामुळे आमच्याकडे पुरावा म्हणून दुकानातल्या पोराच्या फोनवरची यूपीआयची नोंद तेवढी होती. मुलांना हे आधीच सांगून ठेवा: भीती वाटली की पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढ. ब्लॉक नंतर करता येतं. आणि एकदा पैसे दिल्यावर मागणी थांबत नाही.

नग्न किंवा बनावट अश्लील फोटोची धमकी असेल, तर अठराच्या आतल्यांसाठी 'टेक इट डाउन' आणि मोठ्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' या मोफत सेवा आहेत. फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी साइट्स त्यावरून फोटो अडवतात. ओंकारच्या ताईवर ती वेळ आली नाही, पण तिने माहिती करून घेतली. मूल एकटं असेल आणि घरी बोलताच येत नसेल, तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे.

आणि खेळाचं? मी पालकांना एक प्रश्न बदलायला सांगते. 'किती वेळ खेळलास' रोज विचारता, त्याच्या जोडीला विचारा, 'आज साइटने काय काय मागितलं?' ब्राउझरमधल्या खेळाला खेळायला ब्राउझर पुरतो. नोटिफिकेशनला 'अलाव' म्हणा असं ती म्हणाली? कशाला? तिथूनच रात्री-बेरात्री त्या घाणेरड्या जाहिराती येतात, आणि क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन त्या बंद करता येतात. फाइल डाउनलोड करायला लावते? मग तो ब्राउझरचा खेळ राहिलाच नाही. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, घाला म्हणते, आणि ते 'सर्व साइट्सवरची तुमची माहिती वाचू आणि बदलू' अशी परवानगी मागतं? ओटीपी? जन्मतारीख? शाळेचं नाव? पाहुणा म्हणून खेळता येत असेल तर पाहुणा म्हणूनच खेळावं. लॉगिन लागलंच तर वेगळा पासवर्ड, आणि टोपणनावात जन्मसाल किंवा शाळा नको. पैसे लावून खेळायच्या साइट्सचा तर प्रश्नच नाही, २०२५ च्या कायद्याने त्यांच्यावर देशात बंदी आणली आहे.

ओंकारच्या घरी आता हा प्रश्न जेवताना निघतो. तो बहुधा बढाई मारत सांगतो, आज एका साइटने कॅमेरा मागितला, मी नाही म्हटलं. वडीलही आपल्या फोनवर आलेले मेसेज त्याला दाखवतात, खरं की खोटं विचारायला. वर्गणीचे ९०० रुपये वडिलांनी दिले, पण खजिनदार काकांकडे तो स्वतः गेला. काकांनी पुढच्या वर्षी पावतीपुस्तक दुसऱ्याला देणार म्हणून सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण पोट दुखलं नाही.

शेवटच्या भेटीत आईने विचारलं, "मग आता खेळू देऊ का?"

द्या, म्हटलं. लॅपटॉप कपाटातून काढून हॉलमध्ये ठेवा. चॅट बंद करता येत असेल तर बंद. बुद्धिबळ आवडत असेल तर लीचेस ही साइट जाहिरातीशिवाय, फुकट आहे, त्यात मुलांसाठीची सोय चालू केली की चॅट दिसतच नाही. पण त्याला तो जुना खेळच खेळायचा असेल तर तोही खेळू द्या. आणि किती वेळ ते तुम्ही दोघं त्याच्याबरोबर बसून ठरवा, मी ठरवणार नाही.

"निदान परीक्षेपर्यंत तरी बंद?" त्या म्हणाल्या.

परीक्षेपर्यंत बंद, हे ओंकारनेही मान्य केलं.