'फास्ट' म्हणजे वेगवान, मग 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला कसा? आणि उपवासालाही 'फास्ट'च का म्हणतात?

तुम्हाला पडलेला प्रश्न मलाही शाळेत पडला होता. धड्यात 'द बोट वॉज स्टक फास्ट इन द मड' असं वाक्य होतं आणि मी त्याचा अर्थ 'नाव चिखलात पटकन रुतली' असा लावला. पुढच्या ओळीत चार माणसं ती ओढताहेत, तरी ती जागची हलत नाही. तेव्हा लक्षात आलं की इथे वेगाचा काही संबंधच नाही, नाव घट्ट रुतून बसली आहे.

'घट्ट, पक्का' हाच या शब्दाचा मूळ अर्थ. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो याच अर्थाने वापरत, वेगाचा अर्थ नंतर चिकटला. त्यामुळे 'फास्ट अस्लीप' म्हणजे झोपेने घट्ट धरून ठेवलेला. धुतल्यावर न जाणारा पक्का रंग तो 'फास्ट कलर', जिवलग मित्र ते 'फास्ट फ्रेंड्स', आणि ज्यात सवलत नाही असा नियम 'हार्ड अँड फास्ट'. पट्टा बांधण्याचं 'फासन' हे क्रियापदही यातलंच, त्यातला 'टी' लिहितात पण उच्चारत नाहीत.

उपवासाचंही तसंच. खाण्यापासून स्वतःला घट्ट आवरून धरायचं, नेम पक्का पाळायचा, म्हणून तो 'फास्ट'. रात्रभराचा हा उपवास सकाळी मोडायचा, की झाला 'ब्रेकफास्ट'. शब्द फोडून पाहिला की अर्थ समोरच असतो, पण जोडून उच्चारताना 'ब्रेकफस्ट' होतं आणि तो लपतो.

मग घट्टातून वेग कुठून आला? मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो, आणि तो समजायला आपली मराठीच मदतीला येते. आपण 'दोर जोरात धर' म्हणतो आणि 'जोरात पळ' असंही म्हणतो. पहिल्यात जोर म्हणजे ताकद, दुसऱ्यात चक्क वेग. 'फास्ट'चा प्रवास असाच झाला: घट्ट, मग जोर लावून, मग भरभर. जोर लावून पळणारा वेगातच पळणार ना!

वाचताना सोबतचं क्रियापद बघा. होल्ड, स्टँड, स्टिक अशी धरण्याची किंवा जागेवर राहण्याची क्रिया असेल तर अर्थ 'घट्ट'. पळणं, बोलणं, वाढणं असेल तर 'भरभर'. घड्याळाचं मात्र वेगळं आहे. 'द क्लॉक इज फाइव्ह मिनिट्स फास्ट' म्हणजे घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे.

आणि 'फास्टली' असं कधीही लिहू नका. 'क्विक'चं 'क्विकली' होतं, पण 'फास्ट' दोन्हीकडे तसाच राहतो: 'अ फास्ट रनर', 'शी रन्स फास्ट'.